जुन्या सागाचा शोध

लिहिण्याचे बैठे मेज स्वहस्ते करावे अशी इच्छा ज्या गृहस्थास होते, तो बहुधा प्रथम कागदावर आकृती काढतो, तिची लांबी-रुंदी मुक्रर करतो आणि मग त्या मापाचे लाकूड धुंडाळीत वखारी पालथ्या घालतो. माझ्या मते हा क्रमच विपरीत आहे. लाकूड आधी पाहावे, आणि ते जेवढे होऊ देईल तेवढेच मेज करावे.

माझा ओढा जुन्या सागवानाकडे. पुण्यातले वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या तुळया, खांब आणि कडीपाट जुन्या लाकडाच्या वखारींत येऊन पडतात. चुन्याने माखलेल्या, काळवंडलेल्या त्या राशीचे दर्शन मुळीच मोहक नसते; परंतु एखाद्या कोपऱ्यावर रंध्याचे दोन हात फिरवताच आतला सोनेरी-तपकिरी वर्ण आणि कमावलेल्या चामड्यासारखा तेलकट गंध प्रकट होतो, व लाकडाच्या जातीविषयी संशय उरत नाही. त्याचे वाकणे-तडकणे कधीच होऊन गेलेले असते. पावसाळ्यातले फुगणे मात्र त्यासही चुकत नाही. खरेदीपूर्वी लोहचुंबक फिरवावे, कारण पोटात मोडून राहिलेला एक खिळा करवतीच्या साऱ्या दात्यांचा निकाल लावतो.

नव्या मालाचा हिशेब निराळा. बल्लारशा, आलापल्ली येथल्या वनखात्याच्या आगारांतून साग लिलावाने विकला जातो. ओंडक्याच्या घेराचा चतुर्थांश घेऊन त्याचा वर्ग करावा आणि लांबीने गुणावे, ही मोजणीची जुनी रीत. तिने प्रत्यक्ष घनफळाचे सुमारे ७८ टक्केच भरतात, म्हणजे कापणीतली तूट खरेदीदारास जणू दस्तुरीनेच माफ. चिरलेली फळी घेताना तिचा दर्शनी भाग नव्हे, तर आडवा छेद पाहावा. वलये पृष्ठाशी काटकोनात उभी असतील तर फळी सरळ राहते. आडवी पसरली असतील तर ती वाळताना पन्हळीप्रमाणे वाकते, कारण लाकूड वलयांच्या दिशेने जवळजवळ दुप्पट आकसते. कडेचा फिकट पट्टा वाळवीचे खाद्य होय. वखारवाला तीच बाजू खाली ठेवून फळी दाखवितो, ह्यात त्याचा दोष धरण्याचे कारण नाही.

फणसाचे पिवळे लाकूडही सुरेख असते, पण ते मागताना मला रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आठवते. आरमारासाठी सागवान हुजुरच्या परवानगीने रानातून तोडावे, परंतु रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेल्या आंब्या-फणसांस बळाने हात लावू नये; एखादे जीर्ण झाड हवेच असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन न्यावे, असा त्यातला दंडक आहे. आरमाराची निकड असताना ज्या राज्याने एवढा विवेक बाळगला, त्याच्या तुलनेत माझ्या मेजाची निकड ती काय! म्हणून परसातला उभा फणस कोणी देऊ केला, तरी वाऱ्याने पडलेलाच मी विचारतो.

मेजाच्या खणांसाठी साग दवडू नये. तेथे शिवण पुरे: वजनाला हलकी, हत्याराला मऊ, आणि हवामानाबरोबर फारशी न हलणारी. ती मागितली म्हणजे मालकाचा उत्साह किंचित ओसरतो, कारण सागाच्या मानाने तिचे पैसे थोडे येतात. पण चहा तो तरीही मागवितो.