पेटीखालचा चिमटा

३० जून २०२४, रविवार
काल रात्री दादा विश्वचषकाची फायनल बघायला आला. गाडी लावताना पडवीचा खांब थोडक्यात वाचला. म्हणाला, "ब्रेक चांगलाय रे. मागचं चाक ऐकत नाय."
आज सकाळी त्याची स्प्लेंडर डबल स्टँडवर घेतली. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं. टक टक. बेरिंग गेलेलं असलं तर नुसतं चाक हलतं. इथे चाकाबरोबर चाक धरणारा अख्खा चिमटा डुलतोय. बुश गेले.
डाव्या बाजूचा चिखल डिसमिसने खरवडत होतो. डिसमिस आत गेला.

१ जुलै
दादाला भोक दाखवलं. "पट्टी मार. वेल्डिंगवाला काय घेईल, शंभर-दीडशे."
पट्टी कुठल्या लोखंडाला मारायची? आजूबाजूचा पत्रा अंगठ्याने दबतो.
जून-जुलैत मासेमारी बंद. दादा या दोन महिन्यांत पैशांचं बोलत नाही. वेल्डिंगचं बोलतो.

३ जुलै
वहिनी सकाळपासून सेतू केंद्रात, लाडकी बहीणच्या कागदांसाठी. चार वाजता आली. उत्पन्नाचा दाखला उद्या.
पाऊस. गाडी आत, पडवीतच. सासूबाईंची आरामखुर्ची घरात हलवली. त्यांना ते आवडलेलं नाही.

४ जुलै
चिमट्याचा डावाच पाय का कुजला? उजव्या पायावर अजून कंपनीचा काळा रंग आहे.
कॅरेजवर माशांची पेटी ठेवून बघितली, तेव्हा कळलं. पेटीचं भोक मागच्या डाव्या कोपऱ्यात. बर्फ वितळला की पाणी शॉकअपवरून ओघळत चिमट्यावर. मिरकरवाड्यावरून निघून भाट्ये, फणसोप, गोळप, पावस. वाटभर ठिबक. आणि दुपारी पेटी धुवायची ती किनाऱ्यावर, समुद्राच्या पाण्याने.
चिमटा पोकळ. खालच्या अंगाला पाणी निघून जायला बारीक भोक आहे. त्यात तार घातली. चिखल आला, मग माशांचे खवले. आत शिरलेलं खारं पाणी बाहेर आलंच नाही. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, उन्हाळ्यातही. वरून फडक्याने कितीही पुसा.

७ जुलै, रविवार
खोलली. चेनकव्हर, चेनचं लॉक, ब्रेकचा रॉड, टॉर्क रॉड, एक्सल, चाक. शॉकअपचे खालचे नट. दादाची सायली बॅटरी धरून बसली होती आणि प्रत्येक नट कुठला ते वहीच्या कागदावर लिहून त्यातच पुडी बांधत होती. बारावीच्या मुलीचं अक्षर इतकं चांगलं असतं हे विसरलो होतो.
चिमट्याच्या मुख्य बोल्टचा नट निघाला. बोल्ट नाही.
डोक्याला गोटी पाना लावून नेट दिला तर बोल्ट थोडा फिरतो. सोडला की परत जागेवर.
"काका, आत स्प्रिंग आहे?"
स्प्रिंग नाही, रबर आहे. बुशची आतली नळी बोल्टवर गंजून एकजीव झालीय. बोल्ट फिरवला की नळी फिरते, नळीला धरलेलं रबर पिळतं आणि सगळं मागे ओढतं. मागून हातोडा मारला. बोल्टचं टोक पसरलं, बोल्ट तसाच.
लाइट गेली.

९ जुलै
डिझेल सोडतोय, सकाळ-संध्याकाळ. शाळेत हाताला वास. सातवीतला एक जण म्हणाला, सर, तुम्ही बोटीवर जाता का?

१० जुलै
दादाचा गॅरेजवाला मित्र डोकावून गेला. "जाळ दे, सुटतो." वर पेट्रोलची टाकी, आत रबर. त्याला चहा दिला.

१२ जुलै
डिझेलचा उपयोग नाही. आतल्या नळीची लांबी हातभर असती तरी डिझेल कुठून तरी शिरलं असतं. ही दोन्हीकडून चेचून बसलेली.

१४ जुलै, रविवार
बोल्ट कापला.
टाकी उतरवून मागच्या अंगणात ठेवली. फ्रेमचा कान आणि चिमट्याची नळी यांच्यात जेमतेम फट. हॅक्सॉची फ्रेम तिथे जात नाही. नुसतं पान घेतलं, अर्ध्याला चिंधी गुंडाळली. ढकलताना नाही, ओढताना कापायचं, म्हणजे पान वाकत नाही. मध्येमध्ये ऑइलचा थेंब. डावी बाजू जेवणाआधी. उजवी बाजू चार वाजेपर्यंत. सायलीने उजवीकडची बरीचशी कापली. तिच्या आईने पाहिलं, काही बोलली नाही.
चिमटा खाली पडला तेव्हा आतून गंज सांडला. डबडंभर. फ्रेमच्या कानांत राहिलेले तुकडे मग दोन ठोक्यांत बाहेर.
रात्री बातमी: दिवाणखवटीजवळ दरड, कोकण रेल्वे बंद.

१५ जुलै
शाळेतून येताना बाजारातून चिमटा घेतला. दुकानदाराने विचारलं, हिरो होंडाचा की हिरोचा? टाकीवर अजून दोन्ही नावं आहेत. त्या दोघांनी २०१० च्या डिसेंबरात काडीमोड घेतला. रत्नागिरीच्या रस्त्यांवर तो अजून पुरता झालेला नाही.
रंग मात्र झकास आहे. एवढा झकास रंग बघून शंका यायला हवी.

१६ जुलै
शाळेत दिंडी. चौथीतला विठोबा भिजला, रखुमाई छत्रीत.

१७ जुलै, आषाढी
सुट्टी. साबुदाण्याची खिचडी खाऊन चिमटा तपासला. बोल्टच्या नळीत एक सरळ सळई घातली, एक्सलच्या खाचांत दुसरी. मागे उभा राहून एक डोळा मिटला. दोन सळया समांतर दिसायला हव्यात. नाहीत. मागची उजवीकडे उतरलीय. सायलीलाही बघायला लावलं. न सांगता तिने तेच सांगितलं.
असा चिमटा घातला तर चाक तिरकं उभं राहणार. चेन एका बाजूने खाणार, टायर दुसऱ्या. आणि दादा म्हणणार, पट्टी मारली असतीस तर.

१८ जुलै
"ठोकून बसवा, बसतो," दुकानदार.
बराच वेळ उभा राहिलो. पैसे परत नाहीत, बदली माल घ्या. बुश, बोल्ट, ब्रेक शू आणि चेन घेतली. चेन तशीही लागणारच होती.
कोल्हापूरला मेहुण्याला फोन. कंपनीचाच चिमटा, सळई लावून बघून मगच पाठव म्हटलं. तो उद्यमनगरात लेथवर आहे. मला काय शिकवतोस, म्हणाला.

२० जुलै
दादाने आज पहिल्यांदा विचारलं, कितीला पडला?
सांगितला आकडा. चिमट्याचा निम्मा.

२१ जुलै, गुरुपौर्णिमा
फ्रेमचे कान तारेच्या ब्रशने घासले, रेड ऑक्साइड मारलं. पावसात सुकायला दिवस लागतो. बायकोचा हेअर ड्रायर. तिला अजून माहीत नाही.

२३ जुलै
शिक्षकखोलीत बजेट. सगळे करांचे टप्पे मोजत होते. मी एसटीच्या पार्सल ऑफिसला फोन लावत होतो.
मेहुण्याने काल टाकलंय म्हणे.

२५ जुलै
कोल्हापूरला पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. केर्लीजवळ इकडे येणाऱ्या रस्त्यावर पाणी आलंय म्हणतात. मेहुण्याचा फोन लागला. घर उंचावर आहे, ठीक आहोत. पार्सलचं विचारायला लाज वाटली. त्यानेच सांगितलं, डेपोत पडलं असेल.

२६ जुलै
काही नाही. पाऊस.

२८ जुलै, रविवार
सकाळी पडवीत जुना चिमटा नाही. सायली म्हणाली, बाबा घेऊन गेले.
अकराला दादा आला. चिमटा हातात. वेल्डिंगवाल्याने रॉड टेकवला होता. जिथे करंगळी जाईल एवढं भोक होतं तिथे आता मूठ जाईल. कडा पापडासारख्या.
दादाने तो कोपऱ्यात ठेवला. चहा घेतला. भावाच्या हातचा चहा पांचट असतो म्हणाला. चहा बायकोने केला होता.

२९ जुलै
पार्सल आलं. गोणपाट भिजलेलं, चिमटा कोरडा. मेहुण्याने आत प्लास्टिक गुंडाळून दोन्ही तोंडं बंद केली होती. सळई लावली. समांतर.

३० जुलै
दोन्ही पायांच्या पोकळीत जळकं ऑइल ओतलं, चिमटा उभा-आडवा फिरवला, उपडा करून निथळला. इथे पावसाळ्याआधी लोक गाडीला बाहेरून जळकं ऑइल फासतात. आत कोणी घालत नाही.
बुश खेचून बसवले. आटेवाली सळई, दोन जाड वॉशर, दोन नट. पाना फिरवत राहायचं, हातोडा नाही. रबराला ऑइल-ग्रीस लागू द्यायचं नाही, फुगतं. साबणाचं पाणी चालतं. ग्रीस बोल्टला, भरपूर. मागच्या वेळी बोल्टला कोणी ग्रीस लावलं असतं तर माझा एक रविवार वाचला असता.
बोल्ट हाताने आत गेला. सायलीने घातला.
नट फक्त टेकवला. आवळला नाही.

३१ जुलै
दादा: "आवळ की आता."
डबल स्टँडवर चाक लोंबत असतं. तेव्हा नट आवळला तर बुशच्या नळ्या त्याच जागी जखडतात. मग गाडी खाली घेतली, माणूस बसला, की चिमटा वर जातो आणि रबर पिळलेलंच राहतं, कायमचं. लवकर फाटतं. म्हणून गाडी चाकांवर उभी करून, वजन टाकून आवळायचं.
"किती वजन?"
पुस्तकाप्रमाणे नेहमीचं. यावर वाद. मी म्हणालो, तू बैस. दादा म्हणाला, ही गाडी रिकामी कधी चालली? मी आणि पेटी. बर्फासकट.
त्याचं बरोबर आहे. ज्या उंचीवर गाडी जास्त वेळ असते, त्या उंचीवर रबर मोकळं हवं. परसातला जांभ्याचा एक चिरा आणून पेटीत घातला. दादा वर बसला. वहिनीने हँडल धरलं. मी खाली पालथा, पाना लावून. सायली सांगत होती, अजून, अजून, बस.
मग चाकाची लाइन. तंगूस मागच्या टायरच्या दोन्ही अंगांनी पुढच्या टायरपर्यंत ताणलं. पुढे दोन्हीकडे फट सारखी येईपर्यंत चेनचे अॅडजस्टर. चिमट्यावरच्या खुणांवर माझा भरवसा नाही. चेन मधोमध बोटभर सैल ठेवली, तीही दादा वर बसलेला असताना. रिकाम्या गाडीवर ताणून ठेवलेली चेन वजनाने आणखी ताणते.
दादा दीड तास त्या गाडीवर हलला नाही. शेवटी म्हणाला, उतरू का?

१ ऑगस्ट
बंदी उठली. वारा आहे. बऱ्याच बोटी नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतील, दादा म्हणतो. पौर्णिमा १९ ला.
गाडी पावसपर्यंत नेऊन आणली त्याने. वळणांवर ठीक. खड्ड्यात आवाज नाही. "सीटखाली काहीतरी वाजतं." पान्याची पुडी होती.

४ ऑगस्ट, रविवार
सगळे नट परत तपासले. मुख्य बोल्ट जागेवर. एक्सलचा नट जरासा घ्यावा लागला. ब्रेक नवा आहे, अजून बसलेला नाही, दादाला सांगितलं.
पेटीच्या भोकाला नळी बसवली. मागे, नंबर प्लेटच्याही पलीकडे, थेट रस्त्यावर. मागून येणाऱ्याला वास येईल. येऊ दे.
दादाने पाकिटातून पाचशेची नोट काढून सायलीच्या वहीत ठेवली. मला नाही. बाकीचे पौर्णिमेनंतर, म्हणाला.
भंगारवाला जुना चिमटा किलोवर घेतो. वजन फारच कमी भरलं.

११ ऑगस्ट, रविवार
वहिनी पेटी आता विहिरीच्या पाण्याने धुते. दादा कुरकुरतो, विहीर लांब पडते.
नळी तुंबली होती. खवले. तार घालून मोकळी केली. दर रविवारी बघायला लागणार.