मोकळी जागा सोडा!

दोस्तांनो, आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका बालचित्रकला स्पर्धेचा मी परीक्षक होतो. विषय होता, 'आमच्या गावची जत्रा'. समोर चित्रांचा हा एवढा ढीग! त्यातलं ४७ नंबरचं चित्र हातात आलं आणि माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. लाल आकाश, जांभळी म्हैस, पाळणा, कुस्ती, देवीची पालखी आणि त्या गर्दीत चक्क स्पायडरमॅन! प्रत्येकाभोवती जाडजूड काळी रेघ. बोट ठेवायलाही कोरा कागद नाही. मी मागे पेन्सिलीनं लिहिलं, 'मोकळी जागा सोडा', आणि चित्र बाजूला ठेवून दिलं. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा देत शिकलेला माणूस मी. आम्हाला तसंच शिकवलं होतं ना!

पुढे एकदा ग्रंथालयात फ्रेंच चित्रकारांवरचं एक पुस्तक चाळत होतो. एका पानाशी हात थांबला. तीच काळी रेघ, तेच भडक रंग, तीच खेचाखेच! चित्रकाराचं नाव होतं रोबेर कोंबास.

हा कोंबास १९५७ सालचा. भूमध्य समुद्राकाठच्या सेत नावाच्या बंदरगावात वाढला. तो चित्रकला शिकत होता तेव्हा, म्हणजे १९७०च्या दशकात, फ्रान्समध्ये मोठा मान होता तो आकृती नसलेल्या चित्रांना. नुसते रंगाचे पट्टे, नुसतं कापड, कधी तर नुसती कल्पना. चित्रात माणसं, घोडे, मारामारी काढणं म्हणजे जुनाट! कोंबासनं नेमकं तेच काढलं. लढाया काढल्या, मिकी माऊसला आपल्या वाकड्यातिकड्या रेषेत आणलं. कॅनव्हास नसेल तर पुठ्ठा, जुनी चादर, काहीही चालायचं. त्याच गावचा एर्व्हे दि रोझा त्याच्याहून दोन वर्षांनी लहान आणि कॉमिक्सचा वेडा. दोघांचं जमलं नसतं तरच नवल!

१९८१ साली बेन व्होतिये या कलावंतानं नीस शहरात या दोघांची चित्रं मांडली. त्यानंच या चित्रांना नाव दिलं, 'फिग्युरासियों लीब्र'. म्हणजे मोकळेपणानं काढलेल्या आकृती. त्याच वर्षी पॅरिसमध्ये एका कलासमीक्षकानं चक्क आपल्या घरात या तरुणांचं प्रदर्शन भरवलं. फ्रान्स्वा ब्वारों आणि रेमी ब्लांशार हेही त्यात होते. कुणाला हा पोरखेळ वाटला, कुणी डोक्यावर घेतलं. पण तीनच वर्षांनी, १९८४ मध्ये, पॅरिस शहराच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांची चित्रं लागली. शेजारी कोण? न्यूयॉर्कचे कीथ हॅरिंग आणि बास्किया!

खरं सांगू? या मंडळींची सगळीच चित्रं मला आवडत नाहीत. काही बघून डोकं गरगरतं. पण कोंबासची रेघ नीट बघा. घाईची वाटते, तरी डळमळत नाही. आणि तो मोकळी जागा का सोडत नाही, तेही मला हळूहळू कळलं. त्याला एकाच वेळी शंभर गोष्टी सांगायच्या असतात. जत्रेतून घरी आल्यावर तुम्ही श्वास न घेता आईला सांगता ना, अगदी तस्सं!

दि रोझानं तर पुढे कमालच केली. २००० साली त्यानं एका मित्राबरोबर सेतमध्ये साध्यासुध्या कलांचं संग्रहालय उघडलं. तिथे काचेच्या कपाटांत प्लॅस्टिकची खेळणी आणि असल्याच बारीकसारीक वस्तू मांडल्या आहेत. म्हणजे आई ज्याला 'पसारा' म्हणते, तोच! (आईंनो, रागावू नका हं.)

ते पुस्तक मिटलं आणि मला ४७ नंबर आठवला. स्पर्धेत नावं झाकलेली असतात, त्यामुळे तो मुलगा होता की मुलगी, तेही मला ठाऊक नाही. आयोजकांकडे चौकशी केली, तर चित्रं केव्हाच परत गेली होती. माझ्या त्या पेन्सिलीच्या ओळीसकट.

तर ४७ नंबर, तू हे वाचत असशील तर ती ओळ खोडून टाक. खोडरबर नसेल तर तिच्यावर एखादी म्हैस काढ. आणि मला एक पत्र लिही. जांभळ्या म्हशीच्या शिंगावर कुणीतरी छोटंसं बसलं होतं. ते कोण, हे बघायचं माझं राहूनच गेलं.