ज्याचं पोट भरलंय, तो खाणार नाही?

मंडळी, निवडणुकीची चाहूल लागली की आमच्या तालुक्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. "दोन्हीकडचे सारखेच. एखादा पैसेवाला माणूस अपक्ष उभा राहिला पाहिजे. ज्याचं पोट भरलंय, तो कशाला खाईल?"

वीसेक वर्षं बातमीदारी करतोय. बोलणारी माणसं बदलली, वाक्य तेच आहे. जुलै 2025 मध्ये एलॉन मस्कने अमेरिकेत 'अमेरिका पार्टी' काढायची घोषणा केली, तेव्हा आमच्या कट्ट्यावरची पोरं खूश झाली होती. जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणे दोन्ही पक्षांना धडा शिकवणार. मी त्यांना एवढंच म्हणालो, बाबांनो, हा प्रयोग तिकडे आधी झालाय, आणि चांगला मोठा झालाय.

रॉस पेरो हे नाव मी पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना पहिल्यांदा ऐकलं. टेक्सासचा माणूस. आयबीएममध्ये सेल्समन होता. 1962 मध्ये 1000 डॉलर घालून स्वतःची कॉम्प्युटर सेवेची कंपनी काढली आणि 1984 मध्ये ती जनरल मोटर्सला अडीच अब्ज डॉलरला विकली. फेब्रुवारी 1992 मध्ये लॅरी किंगच्या टीव्ही शोमध्ये तो म्हणाला, तुम्ही लोकांनी माझं नाव पन्नासही राज्यांच्या मतपत्रिकेवर आणलंत, तर मी राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहतो.

हे वाटतं तितकं सोपं नाही. तिकडे प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. अपक्षाला राज्याराज्यात हजारो मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट या दोघांची जागा मात्र ठरलेलीच. तरीही साध्या माणसांनी मॉलच्या दारात टेबलं टाकून सह्या जमवल्या. पन्नासही राज्यांत नाव लागलं.

लोकांना त्याच्यात काय दिसलं? सरकारची तूट आणि कर्ज यावर तो स्पष्ट बोलत होता. मेक्सिकोशी होणाऱ्या व्यापार कराराने इथले कारखाने तिकडे जातील, असं सांगत होता. बुश आणि क्लिंटन दोघेही त्या कराराच्या बाजूने. म्हणजे ज्याची नोकरी जाणार होती, त्याची बाजू मांडायला दोन्ही मोठ्या पक्षांचा उमेदवार नव्हता. ती एका अब्जाधीशाने मांडली. जून 1992 मध्ये गॅलपच्या चाचणीत पेरो 39 टक्के, बुश 31 आणि क्लिंटन 25. विचार करा, अपक्ष पहिल्या नंबरवर!

आणि 16 जुलैला हा गडी मैदान सोडून गेला.

1 ऑक्टोबरला परत आला. नंतर कारण सांगितलं की विरोधक माझ्या मुलीच्या लग्नात विघ्न आणणार होते. पुरावा काही दिला नाही. परत आल्यावर त्याने टीव्हीवर अर्ध्या अर्ध्या तासाचा वेळ विकत घेतला आणि हातात काठी घेऊन मास्तरांसारखे तक्ते दाखवत तूट समजावली. पहिला कार्यक्रम दीड कोटीहून जास्त लोकांनी पाहिला. खिशातले साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाले. उमेदवाराने स्वतःचा पैसा किती घालावा, याला तिकडे मर्यादाच नाही. 1976 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तसा निकाल दिलाय.

निकाल काय लागला? पेरोला जवळजवळ 19 टक्के, म्हणजे 1 कोटी 97 लाख मतं. आणि राष्ट्राध्यक्ष ठरवणाऱ्या 538 प्रतिनिधींपैकी एकही नाही. दोन राज्यं सोडली तर प्रत्येक राज्यात जो पहिला, त्याला त्या राज्याचे सगळे प्रतिनिधी. दुसऱ्याच्या हाती भोपळा. आपल्याकडे मतदारसंघात होतं तेच, फक्त अख्ख्या राज्याच्या मापाने. मतं देशभर सारखी पसरलेली असली की अपक्ष सगळीकडे चांगली मतं घेतो आणि सगळीकडे हरतो.

1996 मध्ये तो स्वतःचा पक्ष काढून पुन्हा उभा राहिला. टीव्हीवरच्या वादसभेत त्याला घेतलंच नाही. मतं 8 टक्क्यांवर आली. पुढे 2000 पासून नियमच झाला, चाचण्यांत 15 टक्के असतील तरच वादसभेत खुर्ची.

यातून पुढच्या श्रीमंतांनी काय धडा घेतला बघा. डोनाल्ड ट्रम्प 1999 मध्ये पेरोच्याच पक्षात गेले होते, उमेदवारीसाठी हालचाल करून काही महिन्यांत बाहेर पडले. 2016 मध्ये त्यांनी थेट रिपब्लिकन पक्षच ताब्यात घेतला. ब्लूमबर्ग यांनी 2016 मध्ये अपक्ष लढायचा विचार सोडून दिला. 2020 मध्ये डेमोक्रॅटांकडून उतरले, एक अब्ज डॉलरहून जास्त उडवले आणि अमेरिकन सामोआ नावाच्या छोट्या बेटांवर तेवढे जिंकले. थोडक्यात, बाहेरून भिंत फोडण्यापेक्षा दारातून आत जाणं बरं, हे त्यांना कळलं.

आपल्याकडे दोनच पक्ष नाहीत, हे मान्य. पण 1995 आठवा. विधानसभेत 45 अपक्ष निवडून आले, त्यात काँग्रेसचे बंडखोर भरपूर. शिवसेना-भाजपकडे 138 आमदार होते आणि हवे होते 145. मग अपक्षांचा भाव काय असेल, ते तुम्हाला सांगायला नको. निवडून आल्यावर अपक्ष एखाद्या पक्षात गेला तर पक्षांतरबंदी कायद्याने आमदारकी जाते. म्हणून तो पक्षात जात नाही, 'पाठिंबा' देतो. मत दिलं दोघांच्या विरोधात आणि ते जाऊन बसलं दोघांपैकी एकाच्या मांडीवर. त्याबद्दल मतदाराला कुणी विचारत नाही.

म्हणून मला त्या पोट भरलेल्या माणसाच्या वाक्याची भीती वाटते. पैसेवाला अपक्ष कुणाचा मिंधा नसतो, हे खरं. पण मग तो तुमचा-आमचाही मिंधा नसतो. पेरो जुलैमध्ये निघून गेला, तेव्हा उन्हातान्हात सह्या गोळा करणाऱ्यांनी जाब कुठे विचारायचा? ना बैठक, ना ठराव. सगळं एका माणसाच्या मर्जीवर आणि त्याच्या चेकबुकवर. पक्ष कितीही बरबटलेला असला तरी पाच वर्षांनी त्याच चिन्हाला पाडता येतं. कंटाळून घरी बसलेल्या शेठला काय पाडणार?

आणखी एक. पेरोच्या कंपनीचा मोठा पैसा सरकारच्याच आरोग्य योजनांची बिलं कॉम्प्युटरवर हाताळण्याच्या कंत्राटांतून आला होता. सरकारच्या उधळपट्टीवर बोलणारा माणूस सरकारी कामावरच मोठा झालेला. आमच्या भागात हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

तरी मी पेरोला टाकाऊ म्हणणार नाही. तुटीचा विषय त्याने घराघरात नेला आणि पुढे दोन्ही पक्षांना त्यावर बोलावंच लागलं. अपक्षाच्या पैशाने प्रश्न टेबलावर येतो, एवढं नक्की. तो सुटेलच असं नाही.

येत्या निवडणुकीत आमच्याकडेही एक-दोन मोठी नावं अपक्ष उभी राहणार, अशी चर्चा आहे. नावं लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहेत. खुशाल उभे राहा साहेब, तो तुमचा हक्क आहे. पण दारात मत मागायला याल तेव्हा तुमचा पैसा कुठून आला, ते सांगा. माघारीच्या दिवशी कुणाचा फोन आला तर काय करणार, तेही सांगा. आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी पाठिंब्याचं पत्र कुणाला देणार, हे मतदानाच्या आधी सांगा. आणि मंडळी, यांनी नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. चारचौघांत, मोठ्याने विचारा.