जुन्या संगणकाचा कंठ

आमच्या संगणकाची विशी केव्हांच उलटली. लिहिण्यावाचण्यास तो धडधाकट आहे. पण त्यांतील ध्वनिविभाग जळाला, आणि तोही नेमका मातोश्रींच्या ओव्यांच्या सहा कॅसेटी उतरवून घ्यावयाच्या वेळीं. फितींवर बुरशी धरूं लागली होती. ‘नवाच घ्या कीं!’ हा उपदेश फुकट मिळतो. परंतु केवळ घशासाठीं सबंध देह मोडीत काढणें आम्हांस रुचेना. आम्ही साउंड कार्ड शोधूं लागलों.

येथें प्रश्न किंमतीआधीं खांचेचा. १९९२ सालचें साउंड ब्लास्टर १६ लांब काळ्या आयएसए खांचेचें. आमच्या यंत्रांत पांढऱ्या पीसीआय खांचा. आणि आजचीं पीसीआय एक्स्प्रेस कार्डें त्यांत शिरतच नाहींत. यूएसबीची चिमुकली डबी स्वस्त खरी, परंतु तिला बहुधा माइकपुरतेंच छिद्र असतें. कॅसेटयंत्राचा जोरकस आवाज त्यांतून फाटका उमटतो. शेवटीं पुण्याच्या तपकीर गल्लींत सी-मीडिया ८७३८ चिपचें जुनें पीसीआय कार्ड दोनशे रुपयांत मिळालें. त्यास लाइन-इनचें निळें छिद्र होतें, आणि आमच्या विंडोज एक्सपीस चालणारा ड्रायव्हरही.

तिसऱ्या ओवींत मातोश्री मध्येंच खोकल्या आहेत; तो खोकला आम्हीं तसाच ठेविला आहे.