शेरा : 'कमी धोका'

हवाई बेटांतल्या कौआईवरचे का लोको हे मातीचे, खाजगी धरण. १८९० साली उसासाठी बांधलेले. सरकारदप्तरी शेरा होता, 'कमी धोका'. १४ मार्च २००६ च्या पहाटे ते फुटले, ७ माणसे गेली. सांडवा बुजवलेला होता, असे चौकशी अहवालात आले.

हा शेरा धरणाच्या मजबुतीचा नसतो. फुटले तर खाली किती नुकसान होईल, याचा असतो. म्हणजे खालची माणसे हिशेबात धरलीच नव्हती! मी कारकून, फायलीतला शेरा सहसा कोणी खोडत नाही, हे रोज पाहतो. आणि उताराच्या खालच्या अंगाला कोणाची वस्ती असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. बंधुभगिनींनो, वस्तीच्या वर तलाव असेल तर ग्रामसभेत विचारा, सांडवा मोकळा आहे का? खालची घरे शेवटची कधी मोजली?