फॉरमॅटची घाई नको

कोपरी, रविवार रात्र.

शेजारच्या मुलाच्या जुन्या संगणकावर उबुंटू होतं. कॉलेजच्या कामासाठी त्याने उबुंटूच्या जोडीला विंडोज टाकलं आणि सुरुवातीला कोणती प्रणाली हवी ते विचारणारा ग्रबचा मेनू गायब. "काका, प्रोजेक्ट गेलं का?" पोरगं रडवेलं झालं होतं.

गेलं काहीच नव्हतं. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांतले ४४६ बूट-कोडचे. विंडोज तिथे स्वतःचा कोड लिहितं. उबुंटूचं पार्टिशन शाबूत राहतं. लाइव्ह पेनड्राइव्ह लावून ग्रब पुन्हा बसवला. तरी मेनूत विंडोज दिसेना. २०२१च्या ग्रब २.०६ पासून इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंदच असतो. तो सुरू करून मेनू नव्याने बनवला, तेव्हा दोन्ही नावं आली.

घाबरून फॉरमॅट मारल्यामुळे किती जणांचं काम वाया जात असेल! मेनू गेला म्हणजे डेटा गेला असं नाही, हे संगणक शिकवताना आधी शिकवायला हवं.