शेवटचे दोन सेकंद

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि माझीच जुनी सेल्फ पोर्ट्रेट्स मला बघवेनाशी झाली. इतकी वर्षं ज्याला मी गांभीर्य समजत होतो, ते नुसतं आवळलेलं तोंड निघालं. टायमरचा दिवा शेवटचे दोन सेकंद भराभर लुकलुकतो ना, नेमका तेव्हा जबडा घट्ट होतो, डावी भुवई किंचित वर जाते. तोवर मी असतो. मग कलावंत येऊन बसतो.

दिव्यावर चिकटपट्टी लावली, तर मनात आकडे मोजू लागलो. इंटरव्हलोमीटर लावून कॅमेरा दुपारभर आपला आपण चालू ठेवला. पेपर वाचला, पोहे खाल्ले. पाहतो तर घास घेतानाही मान खिडकीच्या उजेडाकडे वळलेली! उजेड कुठून येतोय हे विसरणं मला जमतच नाही. धंद्याचा रोग, दुसरं काय.

१८४० मध्ये फ्रेंच छायाचित्रकार हिपोलीत बायारनं स्वतःला बुडून मेलेला माणूस म्हणून टिपलं. डोळे मिटलेले. अडचण सुटली, पण पळवाटेनं. चित्रकार अमृताचे वडील उमरावसिंग शेरगिल मात्र तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत स्वतःसमोर बसत राहिले, अगदी उपवासानंतर उघड्या अंगानंही. त्यांचा जन्म १८७० चा, आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांचाही. फाळक्यांनी १९१७ मध्ये चित्रपट कसा तयार होतो हे दाखवताना स्वतःलाच पडद्यावर आणलं. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण होण्याआधी नुसते हावभाव करून दाखवते. सोंग आहे असं सांगून आणलेलं सोंग. त्यात आवळायला काही उरतच नाही. पुष्पमाला एन. यांची ‘फँटम लेडी’ (१९९६–९८) त्याच जातीची: वेश, मुखवटा, मुंबईची रात्र आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हातात. याला सेल्फ पोर्ट्रेट का म्हणायचं, म्हणून मी बरीच वर्षं नाक मुरडलं. आता हेवा वाटतो.

गंगापूर धरणावरच्या प्री-वेडिंगवाल्यांना आमचे लोक हसतात. मी नाही हसत; ते खोटं निदान उघड्यावर करतात. माझं डोकं फिरतं ते खिडकीशी पाठमोरं बसून खाली ‘माझी वेदना’ लिहिणाऱ्यांवर. पाठ केली की चेहऱ्याची कटकटच मिटली!

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीनं परवा न सांगता रिमोट दाबला. मी चष्मा पुसत होतो, जीभ दातांत. “सर, हाच लावा,” म्हणाली. फोटो उत्तम आहे, पण तो तुझा आहे, माझा नाही, असं मी तिला ऐकवलं. मुद्दा तत्त्वाचा होता; शिवाय त्यात गळ्याची लोंबती कातडी दिसते. प्रदर्शनासाठी मी आवळलेल्या तोंडाचाच काढून ठेवलाय. आधार कार्डावरचा वाटतो, असं तिचं मत. वाटेना का, केस झकास आलेत त्यात.